श्रेयांक मागायचे ते पहिल्या दिवसाआधी

मागच्या अंकात दवाखान्यातल्या इंटर्नशिपबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहून या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मी १९ वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आणि त्यातली शेवटची ११ वर्षं इंटर्नशिप समन्वयक म्हणून काम केलं. मुलांना दवाखान्यांत पाठवणं, तिथल्या डॉक्टरांशी बोलणं, वह्या तपासणं आणि शेवटी श्रेयांकांच्या, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या क्रेडिटच्या, कागदावर सही करणं हे माझं काम होतं. पत्रं लिहिणारी बहुतेक मुलं विज्ञान, मानसशास्त्र, समाजकार्य किंवा व्यवस्थापन शिकणारी आहेत. डॉक्टर होणाऱ्यांची सक्तीची इंटर्नशिप हा वेगळा विषय, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

प्रश्न : मॅडम, मी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन आठवड्यांपासून रोज तीन तास जाते. काल मैत्रिणीने सांगितलं की याचे श्रेयांक मिळू शकतात. आता अर्ज केला तर मागचे दिवस धरतील का? डॉक्टर प्रमाणपत्र द्यायला तयार आहेत.

उत्तर : उद्या दवाखान्यात जाण्याआधी कॉलेजात जा. समन्वयकांना भेट, आणि आजवर किती तास झालेत ते खरं खरं सांग. बहुतेक ठिकाणी मंजुरीच्या आधीचे तास धरत नाहीत. तुझे तीस तास त्यात जातील असं धरूनच चाल. वाईट वाटेल, पण आठव्या आठवड्यात कळण्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात कळलं हे बरं.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र एवढंच सांगतं की तू इतके दिवस आलीस आणि नीट वागलीस. श्रेयांक देताना मात्र कॉलेज स्वतःच्या नावावर सांगतं की ही मुलगी अमुक गोष्ट शिकली, आणि आम्ही ते तपासलं आहे. ज्या दिवसांत कॉलेजला तू तिथे आहेस हेच माहीत नव्हतं, त्या दिवसांबद्दल ते असं कसं सांगणार?

एक मुलगा १४० तासांची वही घेऊन माझ्याकडे आला होता. पानोपानी सही, शिक्का, सुंदर अक्षर. परीक्षा आठवड्यावर आलेली, आणि मंजुरीचा कागदच नाही. मी ते प्रकरण समितीपुढे मांडलं, भांडले, पण नियम नियमच राहिला. त्याला पुढच्या सत्रात पहिल्यापासून सगळं करावं लागलं. मला ते अजून लागून राहिलंय, कारण सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गात जाऊन पाच मिनिटं सांगायचं काम माझं होतं, आणि त्या वर्षी मी फळ्यावर सूचना लावून मोकळी झाले होते. पुढच्या वर्षापासून एकही वर्ग चुकवला नाही.

आता तासांचं गणित. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे इंटर्नशिपचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस धरले तर दोन आठवड्यांत एक श्रेयांक, आणि चार श्रेयांकांना आठ आठवडे. युरोपातल्या सामाईक पद्धतीत एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. अमेरिकेत सत्राच्या एका क्रेडिटमागे वर्गातलं आणि वर्गाबाहेरचं मिळून साधारण ४५ तास येतात. आकडे वेगळे असले तरी विचारायचा प्रश्न सगळीकडे एकच : या तासांत वाचन आणि अहवाल लिहिण्याचा वेळ धरलाय, की फक्त दवाखान्यात घालवलेला? हे आधी विचारलं नाही तर शेवटी वीस-पंचवीस तास कमी पडतात आणि धावपळ होते.

कॉलेजात गेलीस की शिक्षण-करारनाम्याचा नमुना माग. त्यावर तुझी, डॉक्टरांची आणि कॉलेजच्या मार्गदर्शकांची अशा तिघांच्या सह्या लागतात. त्यातला 'काय शिकणार' हा रकाना मुलं सगळ्यात घाईने भरतात. 'रुग्णसेवेचा अनुभव घेणे' असं लिहून मोकळी होतात. असं लिहिलं तर मला शेवटी तपासायला काहीच उरत नाही. 'प्रौढ व्यक्तीचा रक्तदाब योग्य पद्धतीने मोजून नोंदवता येणे', 'लसींच्या फ्रिजचं तापमान रोज दोनदा पाहून नोंदवणे, आणि ते २ ते ८ अंश सेल्सियसच्या बाहेर गेलं तर कोणाला कळवायचं हे सांगता येणे', असं लिही. वाचणाऱ्याला डोळ्यांपुढे तू ते करताना दिसायला हवीस. असे चार-पाच मुद्दे पुष्कळ झाले.

आणि डॉक्टर तुमचे नातेवाईक नाहीत ना, हेही सांगून ठेव. कित्येक कॉलेजांना नातेवाइकाने केलेलं मूल्यमापन चालत नाही.

प्रश्न : मला दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसवलंय. माझा मित्र दुसरीकडे आहे, तो बीपी घेतो, ड्रेसिंगच्या वेळी उभा राहतो. मी दिवसभर नाव, वय, फोन नंबर लिहितो. याचे श्रेयांक मिळाले तरी शिकल्यासारखं काय आहे? जागा बदलून मागू का?

उत्तर : जागा बदलून मागण्याआधी आणखी दोन आठवडे तिथेच बस, आणि मी सांगते तसं बघ. मी पाठवलेल्या मुलांपैकी ज्यांच्या वह्या मी अजून जपून ठेवल्यात त्यांतल्या तीन वह्या खिडकीवरच्या आहेत.

आधी नावाचं बघ. माझ्या एका विद्यार्थिनीसमोर एकाच सकाळी एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका आल्या. वयही दोघींचं जवळपास सारखं. एकीला पेनिसिलिनची ॲलर्जी होती, दुसरीला नव्हती. कागद बदलले असते तर पुढे डॉक्टर कितीही हुशार असून उपयोग नव्हता. तिने दोघींना जन्मतारीख विचारली आणि कागद वेगळे केले. रुग्णाची ओळख किमान दोन खुणांवरून पटवायची हा जगभर मान्य असलेला सुरक्षेचा नियम आहे. नाव ही एक खूण, जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक ही दुसरी. खोली क्रमांक किंवा 'तिसऱ्या बाकावरचे' ही खूण धरत नाहीत. आणि विचारायचं कसं, तर 'तुमचं नाव काय?' असं. 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारलं की दमलेला, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस सहज 'हो' म्हणून जातो. ही विचारण्याची पद्धत शिकणं म्हणजेच शिकणं. करारनाम्यात लिहून टाक.

मग बीपीचं. तुझा मित्र बीपी घेतो, पण ते बरोबर येणार की नाही हे बऱ्याचदा तुझ्या खिडकीवर ठरतं. रक्तदाब मोजण्याआधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, आणि मोजताना बोलणं नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तर आकडा खोटा वाढून येतो. आमचा एक मुलगा ज्या दवाखान्यात होता तो वरच्या मजल्यावर होता. धापा टाकत जिना चढून आलेल्या एका काकांना नंबर आला म्हणून लगेच आत घेतलं. वरचा आकडा १६२ आला. याने सिस्टरना हळूच सांगितलं की काका आत्ताच चढून आलेत. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजला तेव्हा १३८. त्याने ते वहीत लिहिलं, आणि खाली एक सूचना लिहिली : नोंदणी झाल्यावर आत पाठवण्याआधी पाच मिनिटं बसवावं. दवाखान्याने ती पाळायला सुरुवात केली. त्याने स्वतः त्या सत्रात कुणालाही पट्टा बांधला नव्हता.

एक काम आजपासून सुरू कर. माणूस खिडकीवर आला ती वेळ आणि आत गेला ती वेळ, दहा दिवस टिपून ठेव. नाव लिहू नकोस, फक्त अनुक्रमांक. डॉक्टरांना आधी विचार. दहा दिवसांनी त्याचा तक्ता कर. कोणत्या तासाला गर्दी तुंबते, कोणत्या वारी, नवीन रुग्णांना जास्त वेळ लागतो की जुन्यांना, हे तुला दिसेल आणि डॉक्टरांना कदाचित माहीत नसेल. हाच तुझा प्रकल्प. यासाठी मी डोळे मिटून पूर्ण गुण देईन.

अजून एक. खिडकीवर माणसाला 'काय होतंय?' असं मोठ्याने विचारलं जातं, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना त्याचं उत्तर ऐकू जातं. लघवीचा त्रास, पाळीचा त्रास, मनाचा त्रास अशा वेळी माणूस खोटं सांगतो. 'ताप आहे' म्हणतो. आत गेल्यावर डॉक्टरांची पहिली दोन मिनिटं ताप शोधण्यात जातात. तू फक्त आवाज खाली आण, किंवा एका चिठ्ठीवर लिहून द्यायला सांग, आणि फरक बघ.

एवढं करूनही शेवटच्या महिन्यात आतलं काम बघायची इच्छा असेल तर जरूर माग. तेव्हा तुला तिथे काय बघायचं हे कळलेलं असेल.

प्रश्न : डॉक्टर प्रेमळ आहेत. म्हणतात, 'शिकायला आलीयस ना, मग इंजेक्शन दे, मी शेजारी उभा आहे.' नाही म्हटलं तर त्यांना राग येईल. हो म्हणू का?

उत्तर : नाही म्हण. तुझं प्रशिक्षण झालेलं नाही, तुझ्याकडे त्याचा परवाना नाही, आणि समोरच्या माणसाला वाटतंय की आपल्याला सिस्टर किंवा डॉक्टर सुई टोचतायत. त्याची संमती तुझ्यासाठी नाही. डॉक्टर शेजारी उभे असल्याने यातलं काहीच बदलत नाही.

शब्द हवे असतील तर हे घे : 'सर, माझ्या करारनाम्यात सुईचं काम नाही. तुम्ही देताना मी बघते, आणि नंतर तुम्ही मला त्यातल्या पायऱ्या विचारा.' राग येईल असं तुला वाटतं, पण माझ्या अनुभवात बहुतेक डॉक्टरांना यामुळे मुलीबद्दल विश्वासच वाटला. पुन्हा पुन्हा आग्रह झाला तर त्याच दिवशी समन्वयकांना कळव. जागा बदलून देणं हे त्यांचं काम आहे. त्यासाठी तुझे श्रेयांक जाता कामा नयेत.

सुई हातात घ्यायची नसली तरी टोचण्याची शक्यता उरतेच. टेबल आवरताना, कचऱ्याची पिशवी उचलताना हे होतं. हिपॅटायटिस बी ची लस झालेली आहे का, घरी विचार. नसेल तर तिचे तीन डोस सहसा सहा महिन्यांत पूर्ण होतात, म्हणून लवकर सुरू कर. टोचलंच तर जागा दाबून रक्त काढत बसू नकोस. साबण आणि वाहत्या पाण्याने धू आणि लगेच सांग. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर ती जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहिलेली मुलगी मी पाहिली आहे. सुदैवाने तिला काही झालं नाही, पण त्या दोन दिवसांची आठवण मला आजही नको वाटते.

हात धुणं मात्र तू पहिल्या दिवसापासून शिकू शकतेस, आणि ते दुय्यम काम समजू नकोस. साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, बोटांची टोकं आणि अंगठे यांसकट. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती विभागात इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांतून काहीतरी येतंय. त्यांनी सगळ्यांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. त्या हातांमध्ये शिकायला आलेल्यांचे हात होते, हे मी दरवर्षी मुलांना सांगत असे.

प्रश्न : माझा मुलगा दवाखान्यात फुकट राबतो, आणि वर त्याच श्रेयांकांची फी आम्ही कॉलेजात भरतो. दोन्हीकडून आमचाच तोटा. हे शिक्षण आहे की पिळवणूक?

उत्तर : तुमचा राग मला समजतो, आणि काही ठिकाणी तो अगदी रास्त असतो. फी कशाची हे कॉलेजला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्या पैशांत मार्गदर्शकाने दवाखान्यात भेट द्यायची असते, वही दर आठवड्याला वाचायची असते, शेवटी तोंडी परीक्षा घ्यायची असते. यातलं काहीच होत नसेल तर तक्रार करा, लेखी करा.

दवाखान्याच्या बाजूने बघायला एक प्रश्न उपयोगी पडतो : या व्यवस्थेचा जास्त फायदा कोणाला होतोय, मुलाला की दवाखान्याला? अमेरिकेच्या कामगार खात्याने बिनपगारी इंटर्नसाठी २०१८ पासून हीच कसोटी धरली आहे. त्यात काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं आहे का, त्याचे श्रेयांक मिळतात का, इंटर्नमुळे पगारी माणसाची जागा मारली जातेय का, असे सात मुद्दे आहेत. मी याहून साधं विचारायचे. दवाखान्यात फोन करायचा : 'उद्यापासून आमचा मुलगा आला नाही तर काय अडेल?' 'काही नाही, पण त्याला आज शुगर तपासण्याचं यंत्र दाखवणार होतो' असं उत्तर आलं तर माझा जीव भांड्यात पडायचा. 'अहो, मग खिडकी कोण सांभाळणार? आमची मुलगी काम सोडून गेलीय,' असं आलं की समजायचं, मुलाला नोकरी करायला लावलंय. एका दवाखान्यातून मी असे दोन विद्यार्थी सत्राच्या मध्यावर काढून घेतले आणि दुसरीकडे पाठवले.

कामातून शिकणं आणि त्याला कॉलेजने मान्यता देणं ही कल्पना मात्र जुनी आणि चांगली आहे. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या मुलांसाठी काही काळ वर्ग, काही काळ कारखाना अशी आलटून-पालटून शिक्षणाची पद्धत सुरू केली. त्या मुलांना कारखान्यात पगार मिळत असे. तेव्हा पगार असला की श्रेयांक नाहीत, असंही मानायचं कारण नाही. कित्येक ठिकाणी दोन्ही चालतं. मुलाला दवाखान्यात विचारू द्या. निदान प्रवासखर्च तरी मागावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : शेवटी तीन हजार शब्दांचा अहवाल द्यायचा आहे. रुग्णांबद्दल लिहायचं नाही म्हणतात. मग लिहायचं कशाबद्दल?

उत्तर : रुग्णांबद्दल लिहायचं, पण ते कोण हे कोणालाच कळता कामा नये. फक्त नाव गाळून हे होत नाही. अमेरिकेत हिपा या १९९६ च्या कायद्याखालच्या गोपनीयता नियमांत माणसाची ओळख उघड करणाऱ्या १८ गोष्टींची यादी आहे. त्यात नावाबरोबर तारखा, फोन क्रमांक, नोंदणी क्रमांक, चेहऱ्याचा फोटो हे सगळं येतं. ती यादी तू कुठेही असलास तरी समोर ठेवण्यासारखी आहे. 'मंगळवारी सकाळी आलेले, पायाला प्लास्टर असलेले निवृत्त मुख्याध्यापक' असं लिहिलंस तर शेजारपाजारचे लोक लगेच ओळखतील. 'साठीच्या पुढचे एक गृहस्थ' एवढं पुरे. आणि दवाखान्यात स्वतःचा फोटो काढू नकोस. एका मुलीच्या फोटोत मागे नोंदवही उघडी होती, नावं स्वच्छ वाचता येत होती. तिच्या मनात काही नव्हतं, पण झालं ते झालं.

वही रोज लिही, त्याच दिवशी, निघण्याआधीची दहा मिनिटं. आज काय पाहिलं, मला काय वाटलं होतं, काय निघालं, आणि कुणाला काय विचारणार. चारच ओळी. शेवटच्या रात्री आठवून लिहिलेली वही मला पहिल्या पानावर ओळखू यायची, कारण तिच्यात एकही चूक नसायची. खऱ्या वहीत असतं : 'मला वाटलं आजींना औषध कसं घ्यायचं ते कळलं, कारण त्या मान डोलावत होत्या. सिस्टरनी त्यांना परत सांगायला लावलं तेव्हा कळलं, त्या सकाळची गोळी रात्री घेणार होत्या.' समजलं का असं न विचारता, समजलेलं त्यांच्याच तोंडून परत ऐकायचं, ही पद्धत ती नोंद लिहिणाऱ्या मुलाने एका वाक्यात मला दाखवून दिली. अशा आठ-दहा नोंदी घे, प्रत्येकीखाली पाठ्यपुस्तकात त्याबद्दल काय आहे ते लिही. तीन हजार शब्द कमी पडतील.

प्रश्न : पहिल्याच दिवशी ड्रेसिंग बघताना मला चक्कर आली. सगळे बघत होते. मला हे जमणार नाही असं वाटतं. सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नकोस. रक्त किंवा जखम पाहून चक्कर येणं ही शरीराची एक प्रतिक्रिया आहे. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब एकदम खाली येतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. पुढे उत्तम सर्जन आणि परिचारिका झालेल्या पुष्कळ जणांना सुरुवातीला असं झालेलं आहे.

उद्या जाताना पोटात काहीतरी असू दे, पाणी पी. सिस्टरना आधीच सांग, त्या खुर्चीजवळ उभं करतील. गुडघे ताठ करून उभी राहू नकोस. घाम आला, कानात आवाज झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता तिथेच खाली बस. जमलं तर आडवी हो आणि पाय वर घे. चक्कर येतेय असं वाटताच मांड्या, पोट आणि दंडाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे, यानेही रक्तदाब सावरतो. पहिले काही दिवस ड्रेसिंग दारातून बघ, मग दोन पावलं जवळून. हे वारंवार होत असेल, किंवा रक्त न बघताही होत असेल, तर त्याच डॉक्टरांकडून स्वतःला तपासून घे.

आणि हे सगळं वहीत लिही. काय झालं, कशाने झालं, दुसऱ्या दिवशी काय केलंस. महिनाभराने मला कळव, तू किती पावलं जवळ गेलीस ते.